सामाईक विहिरीचा गाळ



ग्रंथालयाच्या सभागृहात जे बोललो ते बरंचसं तसंच इथे छापलं आहे. त्या संध्याकाळी वीज गेली आणि शेवटचा भाग मोबाइलच्या उजेडात आटोपता घ्यावा लागला, तो तेवढा इथे सावकाश लिहिला आहे. मंडळाच्या पत्रात विषय ‘डॉक्टरांच्या आवडीचा’ असा मोघम होता. कार्यवाहांना बहुधा पथ्यपाण्यावर काहीतरी हवं होतं. मी संगणकावर बोलणार म्हटल्यावर पहिल्या रांगेतली दोन-तीन मंडळी घड्याळाकडे बघू लागली, हे मला व्यासपीठावरून दिसत होतं. त्यांनी धीर धरला, तुम्हीही धरावा. सुरुवात विहिरीपासून करतो.

चिकोडी तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरीत वाटे असत. आमच्या विहिरीत चार घरं, प्रत्येकाचा चार आण्यांचा वाटा. आठवड्यातून पावणेदोन दिवस पाणी आमचं. पाळीवरून भांडणं व्हायची, पण ती भांडणं सोपी होती, कारण घड्याळ सगळ्यांकडे होतं. अवघड गोष्ट होती गाळाची. दोन-तीन वर्षांनी वैशाखात पाणी तळाला गेलं की विहिरीत उतरून गाळ काढावा लागे. त्या आठवड्यात चारपैकी दोन घरांना हमखास कुठलं तरी लग्न निघायचं. उरलेले दोघे गाळ काढायचे, आणि आषाढात पाणी चौघांनाही सारखंच वर यायचं. वडील दर वेळी चिडायचे आणि दर वेळी उतरायचे. आम्ही जैन, त्यामुळे उतरण्याआधी डबक्यातले मासे-बेडूक बादलीत घालून शेजारच्या विहिरीत नेऊन सोडायचं काम आम्हा पोरांकडे असे.

दुसरी आठवण आजीची. प्यायचं पाणी त्याच विहिरीचं, आणि ते दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय घरात घेत नसत. गाळून झालं की आजी ते फडकं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायची आणि फडक्यात जे राहिलं असेल ते बादलीने अलगद विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचवायची. वरून फेकायची नाही. ज्या पाण्यातलं, त्याच पाण्यात ते परत गेलं पाहिजे, हा तिचा नियम. या दोन गोष्टी लक्षात ठेवा; पुढे लागणार आहेत.

आता दवाखान्यात येऊ. मी बीएचएमएस झालो तेव्हा आमच्या धंद्याचं मुख्य हत्यार म्हणजे रेपर्टरी, म्हणजे लक्षणावरून औषध शोधायचा कोश. केंटची रेपर्टरी १८९७ साली निघालेली, विटेएवढी जाड. १९९९ मध्ये मी दवाखान्यात संगणक घेतला आणि एका कंपनीचं सॉफ्टवेअर. त्यात रेपर्टरी होतीच, शिवाय रुग्णांच्या नोंदी ठेवायची सोय होती. सोबत एक बोटभर लांबीची वस्तू मिळाली, तिला डोंगल म्हणत. ती संगणकाच्या पाठीमागे खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नसे. म्हणजे ते कुलूपच. केंट १९१६ साली वारले, त्यांचा ग्रंथ कधीच सगळ्यांचा झाला होता. कुलूप मात्र खासगी होतं. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपल्याकडे डोंगल आहे याचा थोडा रुबाबच होता.

माझ्याकडे एक मुलगा येत असे. सातव्या वर्षापासून त्याला फिट्स येत. त्याची मूळ औषधं मेंदूविकारतज्ज्ञांचीच होती, ती मी कधी बंद करू दिली नाहीत. आमच्या पद्धतीत काही जण तसं करायला सांगतात, ते मला मान्य नाही. पण त्याची आई दर फिटनंतर माझ्याकडे येऊन बसायची आणि तारीख, वेळ, किती मिनिटं, डोळे कुठल्या बाजूला फिरले, सगळं सांगायची. मी ते टंकत जायचो. अशी अकरा वर्षं. २०१८ मध्ये मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विचार सुरू केला आणि फिट्सचा पूर्ण इतिहास मागितला. आई म्हणाली, डॉक्टरांकडे सगळं आहे. मी संगणक चालू केला. डोंगल मेलं होतं. कंपनीचा फोन लागत नव्हता. नंतर कळलं, कंपनीच उरली नव्हती.

एकोणीस वर्षांच्या नोंदी समोरच्या पेटीत होत्या आणि मला त्या वाचता येत नव्हत्या. त्या आईला मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

माझी पुतणी तेव्हा पुण्यात शिकत होती. तिने तीन रविवार घालवले. जुन्या फायलींचा साचा तिने ओळखला, पायथॉन नावाच्या संगणकीय भाषेत एक छोटा कार्यक्रम लिहिला आणि नोंदी बाहेर काढल्या. सोळा वर्षांच्या निघाल्या, तीन वर्षांच्या फायली कुजल्या होत्या. त्या मुलाच्या अकरा वर्षांपैकी नऊ मिळाली. तिने त्यांचा एक आलेख काढला: आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर फिट्स. मी अकरा वर्षं जे ऐकत आलो होतो ते मला पहिल्यांदा दिसलं. चौदाव्या वर्षानंतर फिट्सची चाल बदलली होती, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो कागद मेंदूविकारतज्ज्ञांनी बराच वेळ पाहिला आणि फायलीत लावून घेतला. शस्त्रक्रिया झाली की नाही, हा त्या घराचा प्रश्न आहे.

मी पुतणीला विचारलं, या सॉफ्टवेअरचे किती द्यायचे? ती हसली. म्हणाली, “काका, यातलं मी लिहिलेलं दीड पान आहे. खालचं सगळं कुणीतरी करून ठेवलंय, फुकट.”

‘कुणीतरी’ हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही रोग्याला विचारतो, दुखतं म्हणजे नेमकं कुठे? तसं मी हळूहळू शोधू लागलो की हा कुणीतरी म्हणजे नेमका कोण. आजचं व्याख्यान त्या शोधाचं आहे.

आलेख ज्याने काढला त्या सॉफ्टवेअरचं नाव मॅटप्लॉटलिब. ते सुरू करणारे जॉन हंटर हे शिकागो विद्यापीठातले मज्जासंस्थेचे अभ्यासक. त्यांचं काम कशावर होतं? अपस्मारावर, म्हणजे फिट्सवर. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युत्-अग्रं ठेवून फिट नेमकी कुठून उठते ते शोधायचं, म्हणजे शल्यविशारदाला कुठला भाग काढायचा ते कळतं. या नोंदी वाचायचं एक विकतचं सॉफ्टवेअर त्यांच्या प्रयोगशाळेत होतं. त्याची प्रत एकच, आणि डोंगल एकच. विद्यार्थी, डॉक्टर, संशोधक सगळे ते डोंगल पाळीपाळीने वापरत. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. साता समुद्रापलीकडे एका माणसाला तोच रोग, तेच कुलूप भेटलं होतं. त्याने मात्र माझ्यासारखा रुबाब केला नाही, कुलूप नको म्हणून स्वतः लिहायला बसला.

आधी त्यांनी मॅटलॅब या दुसऱ्या विकतच्या सॉफ्टवेअरवर काम करून पाहिलं. रुग्णालयाच्या वेगवेगळ्या यंत्रांतून येणारी चित्रं आणि नोंदी त्यात सांभाळणं जड जाऊ लागलं, तेव्हा ते पायथॉनकडे वळले. पायथॉन ही भाषा १९९१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या खिदो व्हान रोसम यांनी जगापुढे ठेवली. तिला वापरायला सोपी अशी पाटी २००१ मध्ये फर्नांडो पेरेझ या कोलंबियाच्या मुलाने तयार केली होती. तो अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये भौतिकशास्त्राचं पीएच.डी. करत होता. तिचं नाव आयपायथॉन. हंटरनी या पाटीला आलेख काढता यावेत म्हणून एक ठिगळ लिहून पेरेझला पाठवलं. पेरेझचा प्रबंध संपत आला होता. त्याने कळवलं, मला काही महिने हे तपासायला सवड होणार नाही. झालं, हंटरनी ठिगळाचं वेगळं वस्त्रच विणलं आणि २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब बाहेर आलं. प्रबंध लवकर संपला असता तर कदाचित ते झालंच नसतं.

आता थोडं खाली उतरू, कारण विहिरीचा झरा खाली आहे. आलेख काढण्याआधी आकडे सांभाळावे लागतात. एक-दोन आकडे नव्हे, लाखोंची फौज, आणि रांगेने उभी. गणितात तिला सारणी म्हणा. पायथॉनला हे काम संथपणे जमत होतं. जिम ह्यूगनिन या विद्यार्थ्याने १९९५ च्या सुमारास त्यासाठी एक साधन लिहिलं. पुढे बॉल्टिमोरच्या हबल दुर्बिणीच्या संस्थेतल्या लोकांनी आपल्या गरजेचं दुसरं लिहिलं. एका गावात दोन विहिरी झाल्या आणि दोन्हींचं पाणी अर्धं. एकासाठी लिहिलेलं दुसऱ्यात चालेना. तेव्हा ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोन्ही एकत्र करायचं ठरवलं. हे गृहस्थ मेयो क्लिनिकमध्ये शरीराच्या प्रतिमांवर पीएच.डी. केलेले, नंतर युटामध्ये प्राध्यापक. त्यांनी २००५ मध्ये हे हाती घेतलं आणि २००६ मध्ये नमपायची पहिली पक्की आवृत्ती निघाली. विद्यापीठात बढती शोधनिबंधांवर मिळते, दुसऱ्यांच्या दोन विहिरी जोडल्याबद्दल मिळत नाही. ऑलिफंट २००७ मध्ये विद्यापीठातून बाहेर पडले. त्याआधी त्यांनी, एरिक जोन्स यांनी आणि एस्टोनियाच्या पेआरू पीटरसन यांनी मिळून सायपाय नावाचा गणिती सूत्रांचा संच २००१ मध्ये सुरू केला होता. त्या संचाला ‘आवृत्ती १.०’ म्हणायला २०१७ साल उजाडलं. सोळा वर्षं ते स्वतःच्या कामाला पक्कं म्हणायला तयार नव्हते. आमच्याकडे पहिल्याच कवितासंग्रहावर ‘समग्र’ छापतात, ते आठवलं.

यात आपलंही एक घर आहे. आकड्यांपासून त्रिमिती चित्र उभं करणारं मायावी नावाचं साधन प्रभु रामचंद्रन यांचं. ते मुंबईच्या पवईतल्या आयआयटीत विमानविद्येचे प्राध्यापक. त्यावरचा त्यांचा २०११ चा लेख फ्रान्सच्या गाएल व्हारोको यांच्याबरोबरचा आहे. दोघांनी मिळून ते सांभाळलं. पवईतच फॉसी नावाच्या उपक्रमातून ही साधनं देशभरच्या महाविद्यालयांत शिकवली जातात, आणि बोलक्या धड्यांचा एक उपक्रम तिथलाच, त्यात मराठी धडेही आहेत. सीमाभागातल्या आमच्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. त्यांनी तिथे जाऊन बघावं.

एवढी सगळी माणसं एकमेकांना पगार न देता, बरेच जण एकमेकांना न भेटता, एका गोष्टीवर काम करतात, तेव्हा ती विस्कटत का नाही? मला याचं उत्तर एकनाथ महाराजांत सापडलं. ज्ञानेश्वरी तीनशे वर्षं हातोहात नकलली गेली, पाठ बिघडले, कुणी आपल्या ओव्या आत घातल्या. नाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कुणी यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. या सॉफ्टवेअरचे सांभाळणारे नाथांचं पहिलं काम रोज करतात आणि दुसरं उलटं करतात. ओवी घाला म्हणतात. पण ती आधी चारचौघांसमोर वाचली जाते, जुन्या सगळ्या ओव्यांशी ताडली जाते, कुणी घातली, कधी घातली, का घातली याची नोंद राहते, आणि मग आत जाते. नको असेल तर काढताही येते. पाठभेदाचं आयुष्यभर काम केलेली जी मंडळी या मंडळात आहेत, त्यांना हे मी सांगायची गरज नाही की अशी नोंद मिळाली असती तर त्यांची किती वर्षं वाचली असती.

नमपायचा परवानाही मी वाचून घेतला. अर्ध्या पानाचा आहे. वापरा, बदला, विकासुद्धा. फक्त मूळ लेखकांचं नाव काढू नका, आमच्या नावाने तुमच्या मालाची जाहिरात करू नका, आणि काही बिघडलं तर आम्हाला धरू नका. ‘जे बदलाल ते परत द्या’ असं मात्र त्यात लिहिलेलं नाही. पण काम करणाऱ्यांत ती रीत आहे. एखाद्याला चूक सापडली, त्याने दुरुस्त केली, की दुरुस्ती आपल्यापुरती न ठेवता मूळ जागी पाठवायची. आजीचं फडकं ते हेच. आमच्या रेपर्टरीच्या सॉफ्टवेअरमध्येही वर्षानुवर्षं दुरुस्त्या झाल्या, निरनिराळ्या कंपन्यांनी केल्या. पण प्रत्येकीची दुरुस्ती तिच्या डोंगलच्या मागे राहिली. त्यामुळे आज दोन डॉक्टरांच्या दोन रेपर्टरींत एकाच लक्षणाला दोन वेगळ्या याद्या दिसतात आणि कुठली बरोबर ते ठरवायला जागाच नाही.

चूक सापडण्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. २०१४ मध्ये मिनेसोटाच्या रसायनशास्त्रज्ञांनी रेणूंच्या रचनेचं गणित करणारे पायथॉनचे छोटे कार्यक्रम उघडे प्रसिद्ध केले. अनेकांनी ते वापरले. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की तेच आकडे, तोच कार्यक्रम, पण संगणकाची प्रणाली बदलली की उत्तर थोडं बदलतं. कारण इतकं साधं की हसू यावं. कार्यक्रम फायली जोडी-जोडीने वाचत होता, आणि फायली कुठल्या क्रमाने समोर येतील हे प्रत्येक प्रणाली आपल्या मनाने ठरवत होती. एका ठिकाणी नवऱ्याशेजारी त्याचीच बायको, दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्याची. उपाय होता आधी फायली क्रमाने लावून घेण्याचा, काही ओळींचा. दीडशेहून अधिक शोधनिबंधांवर याचा परिणाम झाला असू शकतो, असं तेव्हा म्हटलं गेलं. काही लोक याला उघड्या सॉफ्टवेअरची नाचक्की समजतात. मी डॉक्टर म्हणून वेगळं समजतो. कार्यक्रम बंद पेटीत असता तर ती चूक कुणाला दिसली असती? निदान झालं, कारण रोग्याने पोट दाखवलं.

आता अशा विहिरीवर काय काय पिकतं ते एकदा सांगतो, म्हणजे पहिल्या रांगेची शंका फिटेल.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या दोन प्रचंड यंत्रांना एक थरथर जाणवली. दोन कृष्णविवरं १३० कोटी प्रकाशवर्षं दूर एकमेकांवर आदळली होती, आणि अवकाशाला बसलेला तो हेलकावा आता इथे पोचला होता. यंत्राची भुजा चार किलोमीटर, आणि तिच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. यंत्रं अमेरिकेत, पण पडद्यावर ती खूण पहिल्यांदा पाहिली ती जर्मनीत हॅनोवरला बसलेल्या एका तरुण शास्त्रज्ञाने. अशी खूण गोंगाटातून वेचायची कशी, हे पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर यांनी फार आधी मांडायला घेतलं होतं. सत्यप्रकाश यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९९१ चा आहे, तेव्हा यंत्रं बांधलीही नव्हती. रीत अशी: कृष्णविवरं आदळली तर लहर कशी दिसेल याचे नमुने आधी गणिताने तयार ठेवायचे आणि येणाऱ्या गोंगाटावर एकेक नमुना लावून पाहायचा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत लाखाच्या गलक्यात आईला आपल्या लेकराचं रडणं ओळखू येतं, कारण तो आवाज तिच्या कानात आधीच असतो. तसंच हे.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला तेव्हा त्यांनी आकडेही खुले केले आणि ते तपासायचा पायथॉनचा कार्यक्रमही, नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब वापरून लिहिलेला. हजाराहून अधिक शास्त्रज्ञांचा शोध, आणि तो तपासायला कुणीही मोकळा. माझ्या पुतणीने तो माझ्या दवाखान्यातल्या लॅपटॉपवर चालवला. शेवटी तो त्या लहरीचा आवाज करून ऐकवतो. खालून वर चढत जाणारा एक ‘टुप्’ असा आवाज, सेकंदभरही नाही. बाहेर नंबर लावून बसलेल्या एका आजीबाईंनी विचारलं, कुकर लावला का? मी हो म्हणालो. मराठवाड्यात हिंगोलीजवळ औंढ्याला असंच यंत्र उभं राहणार आहे, तेव्हा अशा पाहुण्यांची दिशा अधिक नेमकी कळेल.

दुसरी गोष्ट २०१९ ची, आणि यात मला सांगायचं ते मुख्य आहे. १० एप्रिलला कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं. साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूरचं एम ८७. एप्रिल २०१७ मध्ये पाच ठिकाणच्या सात दुर्बिणींनी एकाच वेळी पाहून ठेवलेलं, आकडे इतके की तारेवरून पाठवणं शक्य नव्हतं, चकत्या विमानाने नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या चकत्यांना तर तिथला हिवाळा संपेपर्यंत थांबावं लागलं. दोनशेहून अधिक संशोधक. त्या आकड्यांतून चित्र उभं करताना पायथॉनची हीच साधनं वापरली होती, आणि चित्र रंगवलं मॅटप्लॉटलिबने. आपल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ते नारिंगी कडं आलं होतं, आठवत असेल.

त्यानंतर बरोबर पाच दिवसांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने याच साधनांच्या देखभालीसाठी केलेला अनुदानाचा अर्ज नाकारला. कारण दिलं: या सॉफ्टवेअरचा पुरेसा प्रभाव नाही.

वडिलांनी हे ऐकलं असतं तर म्हणाले असते, त्या आठवड्यात त्यांच्याकडे लग्न असेल.

विनोद बाजूला ठेवतो. नमपायला पहिला भरीव निधी २०१७ मध्ये मिळाला, एका खासगी धर्मादाय संस्थेकडून. दुसऱ्या वर्षी आणखी एकीने दिला, दोन्ही मिळून सुमारे १३ लाख डॉलर. म्हणजे २००६ ते २०१७ अशी अकरा वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा ज्याच्यावर उभ्या होत्या ते मूठभर माणसांनी रात्री जागून, सुट्ट्या खर्चून सांभाळलं. मला वाटतं, ‘फुकट’ या शब्दाने आपली फसगत होते. विहीर नवी खणायला पैसे मिळतात, कारण नारळ फोडता येतो, पाटी लावता येते. गाळ काढण्याला पाटी नसते. शिवाय वापरणारा जितका दूर, तितकं त्याला वाटतं की पाणी आपोआप येतं. मीही त्यातलाच. ‘किती द्यायचे’ असं मी विचारलं खरं, पण उत्तर ‘फुकट’ आलं तेव्हा मला आधी आनंद झाला. ‘कुणीतरी’चा विचार नंतर सुचला.

२०१९ च्या नोव्हेंबरात दुसऱ्या एका धर्मादाय संस्थेने मॅटप्लॉटलिब, नमपाय आणि अशा इतर साधनांच्या केवळ देखभालीसाठी पैसे दिले, हेही सांगितलं पाहिजे. ही सुरुवात चांगली आहे, पण ती दानशूरांच्या मर्जीवर आहे. आमच्या विहिरीत शेवटी चार घरांनी कागद केला: जो गाळाला येणार नाही त्याने दोन गड्यांची मजुरी द्यायची. सरकारांनी, विद्यापीठांनी असा कागद का करू नये? आपल्याकडच्या संशोधन-अनुदानात यंत्राची किंमत धरतात, यंत्राच्या दुरुस्तीची धरतात. ज्या सामाईक सॉफ्टवेअरशिवाय ते यंत्र आंधळं आहे त्याच्या देखभालीचा रकाना त्यात असावा.

जॉन हंटर यांचं पुढे काय झालं ते राहिलं. त्यांनी विद्यापीठ सोडून शिकागोतल्या एका वित्तव्यवहार करणाऱ्या कंपनीत नोकरी धरली आणि मॅटप्लॉटलिब सांभाळत राहिले. २००७ मध्ये त्यांनी त्यावर एक छोटा लेख छापला. त्याचा उल्लेख आजवर हजारो शोधनिबंधांनी केला आहे. जुलै २०१२ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या परिषदेत त्यांनी मुख्य भाषण केलं. घरी परतले आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचं निदान झालं. २८ ऑगस्टला उपचारांतल्या गुंतागुंतीने ते गेले. वय ४४, तीन लहान मुली. डॉक्टरच्या नजरेने मी ते आठवडे मोजले आणि पुन्हा मोजले.

त्यांच्या मागे मॅटप्लॉटलिब बंद पडलं नाही. हबलच्या संस्थेतल्या मायकेल ड्रोटबूम यांनी ते उचललं, मग ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेतल्या टॉमस कॅसवेल यांनी. माझ्या रेपर्टरीची कंपनी गेली तेव्हा तिच्याबरोबर माझी तीन वर्षं गेली. हंटर गेले, आणि सहा वर्षांनी त्यांच्या विहिरीतून मला एका मुलाची नऊ वर्षं मिळाली. हा फरक मला त्या संध्याकाळी सभागृहात नीट सांगता आला नाही. तेवढ्यात वीज गेली.

आता राहिलेला भाग. त्या मुलाचा आलेख पुतणीने आधी इंग्रजीत काढला होता. त्याच्या आईला वाचता यावा म्हणून मी म्हटलं, रकान्यांची नावं मराठीत घाल. तिने घातली, आणि कागदावर जे आलं ते पाहून आम्ही दोघेही गप्प झालो. वेलांट्या भलत्याच अक्षरांवर चढल्या होत्या, जोडाक्षरं सुटून पाय मोडून उभी होती. तिने समजावून सांगितलं: रोमन लिपीत अक्षरं एकापुढे एक ठेवली की झालं, मॅटप्लॉटलिब तसंच ठेवत जातं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी म्हणायची नंतर आणि लिहायची आधी. हे त्या वेळी त्याला येत नव्हतं. एवढं जग त्यावर चालतं, आणि आपली बाराखडी त्यात बसत नव्हती. मला राग आला. कुणावर यावा ते कळेना. पुतणी म्हणाली, “काका, राग कसला? आपल्या बाजूचा गाळ आहे. आपल्याकडचं कुणी उतरलं नाही.” विहिरीची गोष्ट तिने माझ्याकडूनच ऐकली होती.

तिने शोधून पाहिलं, तर तक्रार आधीच नोंदवलेली होती. आपल्यासारख्याच इतर लिप्यांचीही तीच रड होती. तिने तिथे मराठीचा नमुना जोडायचं ठरवलं आणि मला विचारलं, कुठला शब्द पाठवू, ज्यात चूक लगेच दिसेल? मी म्हटलं, ‘विहीर’ पाठव. तिने तो शब्द आलेखावर छापला. ‘व’ एकटा पडला होता, त्याची ऱ्हस्व वेलांटी पुढच्या ‘ही’वर जाऊन बसली होती, आणि त्या ‘ह’च्या डोक्यावर आता दोन वेलांट्या होत्या. शेजारी तिने बरोबर शब्द काढला, दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या आणि पाठवून दिलं. त्या मुलाच्या आईला द्यायच्या कागदावर रकान्यांची नावं मी शाईच्या पेनाने लिहिली.